गच्चीवर सोलर लावण्याआधी



दशलक्षण पर्व झाल्यापासून आपल्या मंडळात स्वाध्याय संपला की चटया गुंडाळता गुंडाळता एकच विषय निघतो. ज्यांच्या ज्यांच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचं चाललंय त्या मला गाठतात आणि विचारतात, "वहिनी, तुमच्याकडे झालंय ना, मग प्रमाणपत्रं कोणकोणती लागली?" एकदोघींनी तर वहीच पुढे केली, यात लिहून द्या म्हणून. वहीच्या एका पानात हे मावणारं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी सांगलीची बी.कॉम., नोकरी कधी केली नाही, पण आमच्या सोसायटीचा हिशेब गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे यातलं विजेचं शास्त्र मी शिकवणार नाही. जमा-खर्चाचं आणि कागदांचं जे पाहिलं, तेवढंच सांगते.

आधी एक इंग्लंडची गोष्ट. माझी भाची लेस्टरला एका इमारतीत फ्लॅट घेऊन राहते. आमच्याकडे सोलरची बोलणी चालू असताना तिचा फोन आला. मी आपली उत्साहाने सांगत होते, एवढे किलोवॅट, तेवढी सबसिडी. ती म्हणाली, "मावशी, पण तुमच्या इमारतीचा ग्रेड काय आहे?" मला वाटलं बांधकामाचा विचारते आहे. तर तिकडे प्रत्येक घराला ऊर्जेचं एक प्रमाणपत्र असतं, ईपीसी म्हणतात त्याला. आपल्या फ्रीजवर जसे तारे असतात, तसे तिकडे घराला 'ए' पासून 'जी' पर्यंत ग्रेड. घर विकायला काढा नाहीतर भाड्याने द्या, हा कागद आधी दाखवावा लागतो. दहा वर्षं चालतो. तपासनीस घरी येऊन भिंती, खिडक्या, छप्पर, घर गरम ठेवायची सोय, पाणी तापवायची सोय, दिवे, सगळं बघून जातो. कागदावर दोन ग्रेड लिहिलेले असतात. एक आज घर कसं आहे त्याचा, आणि दुसरा, अमुक अमुक सुधारणा केल्या तर कसं होईल त्याचा.

याचा सोलरशी काय संबंध, हेही तिनेच सांगितलं. इंग्लंडमध्ये २०१० च्या एप्रिलमध्ये एक योजना निघाली होती, सोलरने तयार केलेल्या प्रत्येक युनिटला पैसे मिळायचे. दोन वर्षांत सरकारने त्यात अट घातली. १ एप्रिल २०१२ पासून, ज्या इमारतीला सोलर जोडणार तिचा ग्रेड निदान 'डी' असेल तरच पूर्ण दर, नाहीतर कमी दर. ती योजना नव्या लोकांसाठी ३१ मार्च २०१९ ला बंद झाली. १ जानेवारी २०२० पासून जी नवी व्यवस्था आली, तिच्यात फक्त बाहेर पाठवलेल्या विजेचे पैसे मिळतात आणि ग्रेडची अट नाही. सोलर नीट बसवलं आहे याचं प्रमाणपत्र तेवढं लागतं.

फ्लॅटवाल्यांचं दुखणं तिकडेही आहेच. प्रमाणपत्र प्रत्येक फ्लॅटचं वेगळं, आणि छप्पर मात्र जमिनीच्या मालकाचं. भाचीने फ्लॅट घेतला म्हणजे लांब मुदतीचा भाडेपट्टा घेतला, छपरावर तिचा हक्क नाही. तिला स्वतःला उद्या चार पॅनेल लावावंसं वाटलं तर मालकाची परवानगी हवी. म्हणजे वरचं ऊन एकाचं, खालचे ग्रेड चाळीस जणांचे. यातून तिच्या इमारतीत अजून काही झालेलं नाही.

पण ती 'डी' ग्रेडची अट माझ्या डोक्यातून जाईना. गळकी घागर कितीही वेळ नळाखाली धरली तरी भरायची नाही, आधी गळती बंद करा, एवढाच तिचा अर्थ. आणि हे आपल्या बायकांना कोणी सांगावं लागत नाही. आपल्याकडे आधी वापर मोजतात, मग परिग्रह. डबा केवढा घ्यायचा ते डाळ किती लागते यावर ठरतं.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न कोणी विचारतच नाही. नव्या इमारतींसाठी २०१८ साली केंद्राने इको-निवास संहिता काढली, घरांसाठी तारांकित लेबलही आहे, पण आमच्यासारख्या १९९६ साली बांधलेल्या इमारतीला सोलर लावताना 'तुमचा वापर वाजवी आहे का' असं विचारणारा एकही रकाना अर्जात नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये सबसिडी आहे. मर्यादा घरटी ३ किलोवॅट, आणि एकूण ५०० किलोवॅट. आम्ही बत्तीस घरं. म्हणजे नियमाने आम्हाला ९६ किलोवॅटपर्यंत मुभा! आमच्या दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिने आणि पार्किंग यांना त्याच्या पावपटही लागत नाही.

सोलरवाला आला तो सामाईक मीटरची बारा बिलं बघून. महिन्याला सरासरी ३,६०० युनिट. पुण्यात एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. त्याने भागाकार केला आणि ३० किलोवॅटचा प्रस्ताव टाकला. किंमत साडेसोळा लाख. हिशेबात त्याची काही चूक नव्हती. फक्त त्याने बिल खरं धरलं होतं.

मी आणि बी विंगमधल्या दोघी जणींनी पंधरा दिवस मीटरचं वाचन घेतलं. सकाळी सहाला एक, संध्याकाळी सहाला एक. याला कुठल्याही इंजिनिअरची गरज नाही, वही-पेन्सिल पुरते. दिवसरात्र मिळून १२० युनिट जात होते, आणि त्यातले ६५ रात्री. रात्री? रात्री लिफ्ट कितीशी चालते? मग आम्ही दिवे मोजले. जिने, पार्किंग, कंपाउंड मिळून जुन्या चोकवाल्या साठ ट्यूबलाइट, बारा बारा तास. चोकसकट एकेक ट्यूब पन्नासेक वॉट खाते. शिवाय वॉचमन पहाटे पंप लावून चहाला जायचा, आणि टाकी भरून वाहिली की आवाज ऐकून यायचा. तोपर्यंत पाणीही गेलं आणि वीजही. आपण घरात पाणी गाळून, मोजून वापरणाऱ्या बायका, आणि डोक्यावरची टाकी रोज पाऊण-एक तास वाहतेय! यालाच आपल्या व्रतांमध्ये अनर्थदंड म्हटलंय, कारण नसताना घडणारी हिंसा. मी सभेत हा शब्द वापरला तेव्हा पुरुष मंडळी जरा चपापली.

साठच्या साठ ट्यूब बदलून वीस वॉटच्या एलईडी घेतल्या. पार्किंगमध्ये माणूस आला की उजळणारे सेन्सर बसवले. टाकीला पाण्याची पातळी बघून पंप बंद करणारा स्विच लावला. हे सगळं मिळून चाळीस हजारांच्या आत झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा पंधरा दिवस वाचन घेतलं, १२० चे ८२ झाले होते. आता तोच भागाकार केला की उत्तर येतं २० किलोवॅट. सोलर एक पैशाचं न लावता दहा किलोवॅट, म्हणजे साडेपाच लाख, वाचले.

दहा किलोवॅट कमी झाल्याने आणखी दोन गोष्टी झाल्या, त्या प्रस्तावात कुठे लिहिलेल्या नव्हत्या. एक म्हणजे मंजूर भार. हा शब्द वीजबिलावर छापलेला असतो, आपण कधी बघत नाही. आमच्या सामाईक मीटरचा मंजूर भार २४ किलोवॅट, आणि आपल्या राज्यात नेट मीटरिंगचं सोलर मंजूर भाराच्या वर लावता येत नाही. तीस लावायचं तर आधी भार वाढवून घ्या, त्याची अनामत भरा, वाढीव स्थिर आकार दरमहा भरत राहा. वीस लावायचं तर काहीच नाही.

दुसरी म्हणजे आमची गच्ची.

पॅनेलचा एक किलोवॅट साधारण शंभर चौरस फूट जागा घेतो, मधल्या वाटा धरून. टाक्या, लिफ्टची खोली आणि त्यांच्या सावल्या सोडल्या तर आमच्या गच्चीचा वापरता येण्याजोगा भाग ३,४०० चौरस फूट. तीस किलोवॅट म्हणजे जवळजवळ सगळी गच्ची गेली. पुरुषांच्या लेखी गच्ची रिकामीच असते. फाल्गुन ते वैशाख ती किती भरलेली असते ते आपल्याला माहीत. उडदाचे पापड, मुगाचे सांडगे, शेवया, वर्षाच्या मिरच्या, हळद, चातुर्मासासाठी निवडून ऊन दाखवायची धान्यं. चातुर्मासात हिरवी भाजी वर्ज्य असते त्या घरांचं चार महिन्यांचं तोंडी लावणं त्या गच्चीवर वाळतं. सर्वसाधारण सभेला एरवी बायका येत नाहीत, आल्या तरी मागच्या खुर्च्यांवर बसतात. त्या दिवशी अकरा जणी आल्या होत्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. सेक्रेटरी म्हणाले, पॅनेल उंच सांगाड्यावर लावू, खाली वाळवण घाला. ए विंगच्या आजींनी विचारलं, "पॅनेलच्या सावलीत पापड वाळतो का हो?" त्यावर हशा झाला, पण मुद्दा तिथेच मिटला. पूर्वेकडचे चौदाशे चौरस फूट मोकळे ठेवायचे, असा ठरावात शब्द घातला. ठरावात घातला हे महत्त्वाचं. नुसतं तोंडी ठरलं असतं तर बसवायला येणाऱ्या मुलांनी सोयीची जागा धरली असती.

आता तुम्ही विचारता ते कागद.

पहिला अडथळा आम्हाला आला तो अगदी भलताच. सामाईक मीटर अजून बिल्डरच्या नावावर होतं! अठ्ठावीस वर्षं आम्ही त्याच्या नावाने बिल भरत होतो. अर्ज, सबसिडी, नेट मीटरचा करार, हे सगळं ज्याच्या नावे बिल त्याच्याच नावे होतं. म्हणून तुम्ही आज घरी गेलात की पहिलं काम हे करा. सेक्रेटरींकडून सामाईक मीटरचं बिल मागून घ्या आणि वरचं नाव वाचा. नाव बदलायला आमचे सहा आठवडे गेले. त्याच्यासोबत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभेचा ठराव, पदाधिकाऱ्यांच्या सह्यांचे नमुने लागले.

नाव बदलताना पुढचा प्रश्न आपोआप येतो, गच्ची तरी कोणाच्या नावावर आहे? फ्लॅट विकत घेतला म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे झाली असं होत नाही, त्यासाठी अभिहस्तांतरण व्हावं लागतं. बिल्डर करून देत नसेल तर १९६३ च्या मोफा कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरण मिळवता येतं. आमचं सुदैवाने झालेलं होतं. ज्यांचं झालेलं नाही त्यांनी पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू त्या गच्चीवर ठोकण्याआधी वकिलाला एकदा विचारावं, असं माझं मत आहे.

मग इमारतीच्या मजबुतीचं प्रमाणपत्र. हे काहीजण उरकून टाकतात, सोलरवालाच 'माझ्या ओळखीचा आहे' म्हणून कोणाची तरी सही आणून देतो. आम्ही आमचा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला. तो म्हणाला पॅनेलचं वजन फार नाही, भीती वाऱ्याची आहे. वळवाच्या वादळात कललेलं पॅनेल शिडासारखं वारा धरतं आणि उचलून निघायला बघतं. म्हणून सांगाड्याचे पाय कुठे यावेत ते त्याने खडूने आखून दिलं, आणि वॉटरप्रूफिंगला भोकं न पाडता सिमेंटचे ठोकळे कसे बसवायचे तेही. त्याची फी आम्हाला जड वाटली नाही.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो. १० किलोवॅटपर्यंतच्या सोलरला तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी धरली जाते, वरच्याला वीज कंपनी तपासून मंजुरी देते. आमचं वीसचं, त्यामुळे तपासणी झाली. बसवून झाल्यावर पुन्हा पाहणी, नेट मीटर, आणि सुरू झाल्याचा दाखला. तो दाखला मिळाला की मग सबसिडीचा अर्ज पुढे सरकतो. हे सगळं ऐकायला लांबलचक वाटतं, पण एकामागून एक आपोआप होत जातं. जिथे डोळे उघडे ठेवायचे ती जागा वेगळी आहे.

ती म्हणजे पॅनेलचं प्रमाणपत्र. सबसिडी हवी असेल तर पॅनेल भारतात बनलेलं असायला हवं, आणि नुसतं जोडलेलं नव्हे, आतल्या काळ्या-निळ्या चकत्या, ज्यांना सेल म्हणतात, त्याही इथेच बनलेल्या हव्यात. असा माल महाग पडतो. म्हणून कंपनीचं प्रमाणपत्र येतं, त्यात प्रत्येक पॅनेलचा क्रमांक असतो. आमची ५४० वॉटची सदतीस पॅनेल. प्रमाणपत्रावर सदतीस क्रमांक. सोलरवाल्याने फाईल दिली, सेक्रेटरींनी सही करून कपाटात ठेवली.

मी हिशेब ठेवणारी बाई. पावती आणि माल ताडून बघितल्याशिवाय मला झोप येत नाही, मग ती किराणामालाची यादी का असेना. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत मी आणि बी विंगच्या त्याच दोघी वर गेलो. क्रमांक काचेच्या आत एका कडेला बारकोडच्या खाली छापलेला असतो आणि मागच्या बाजूच्या लेबलवरही असतो. एक वाचायची, दुसरी टिक करायची, तिसरी चष्मा पुसून पुन्हा वाचायची. बत्तीस जुळले. पाच काही केल्या यादीत सापडेनात. दिसायला सगळी सारखीच, रंग तोच, माप तेच.

सोलरवाल्याला फोन केला. "मॅडम, सगळी एकाच गोडाऊनची आहेत, काही होत नाही," असं उत्तर आलं. मी म्हटलं, होत नसेल तर तेवढंच लेटरहेडवर लिहून सही करून द्या. त्यावर तो गप्प झाला. करारात आम्ही पंधरा टक्के रक्कम शेवटी द्यायची ठेवली होती, ती होती म्हणून पुढचं सोपं गेलं. अकरा दिवसांनी पाच पॅनेल उतरली आणि दुसरी पाच चढली. ती आम्ही वर नेण्याआधी खाली पार्किंगमध्येच ताडून घेतली. त्याने जाणूनबुजून केलं की गोडाऊनमध्ये सरमिसळ झाली, मला ठाऊक नाही आणि त्यात मी पडले नाही. आमची सबसिडी तीन लाख साठ हजारांची होती, एवढं मला ठाऊक होतं.

पैशांचं सांगायचं राहिलं. अकरा लाख उभे करायचे होते. कोणीतरी सिंकिंग फंडाकडे बोट दाखवलं, त्याला मी ठाम नाही म्हटलं. तो पैसा इमारत म्हातारी होईल तेव्हासाठी आहे, आणि आमची इमारत झालीच आहे म्हातारी. मग घरटी वर्गणी, ३४,३७५ रुपये. सबसिडी आली की प्रत्येकाला ११,२५० परत. म्हणजे शेवटी पडणार २३,१२५.

तळमजल्याच्या आजी एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, कुटुंबनिवृत्तीवेतनावर राहतात. सभेत त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी देवदर्शनाला जाताना मला थांबवून म्हणाल्या, "बाई, मी लिफ्टमध्ये कधी बसले नाही. गच्चीवर गेल्याला सहा वर्षं झाली. हे पैसे मी कुठून आणू ते सांग." वर्गणी सारखी असली म्हणजे न्याय झाला असं आपण धरून चालतो. आजींना लिफ्ट नको हे खरं, पण त्यांच्या नळाला येणारं पाणी त्याच पंपाने चढतं हेही खरं. त्यांना सोडून द्या म्हटलं असतं तर ते त्यांनाच आवडलं नसतं, फुकटचं घेणारी बाई नाही ती.

मी हिशेब मांडला. एलईडी लावल्यानंतरचं सामाईक बिल एकोणचाळीस हजारांच्या घरात होतं. सामाईक मीटर महिन्याला पाचशे युनिटच्या पुढे कितीतरी जातं, म्हणजे आपण बहुतेक वीज सगळ्यात महागड्या टप्प्यातली घेत असतो. सोलरने वाचतं ते याच टप्प्यातलं, म्हणून बचत डोळ्यांत भरते. सोलरनंतर बिल चार हजारांवर येईल असा अंदाज होता. महिना पस्तीस हजार वाचले तर घरटी अकराशेच्या आसपास मेंटेनन्स कमी होणार. मग ज्यांना एकरकमी जमत नाही त्यांनी काहीच भरू नये, फक्त जुना मेंटेनन्स एकवीस महिने तसाच भरत राहावा. वर्गणी फिटली की कमी झालेला मेंटेनन्स त्यांनाही लागू. तोपर्यंतची तूट सोसायटीच्या मुदत ठेवीतून, सिंकिंग फंड सोडून. सभेत हे मांडताना मी कोणाचं नाव घेतलं नाही, 'ज्यांना सोयीचं वाटेल त्यांनी कळवावं' एवढंच म्हटलं. पाच घरांनी कळवलं. त्यातली दोन नावं वाचून मलाही आश्चर्य वाटलं. चांगली चारचाकी असलेली घरं, पण कोणाच्या घरात काय चाललंय ते पार्किंगवरून कळत नाही.

घरातल्या बिलाचं काय, असं पुष्कळजणी विचारतात. आमचं सोलर फक्त सामाईक मीटरला जोडलंय. तुमच्या घरातला एसी, गीझर यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, त्यामुळे 'सोलर आलं तरी माझं बिल तेवढंच' म्हणून सेक्रेटरींशी भांडू नका. आणि ३१ मार्चला जास्तीचे युनिट उरले तर त्यांचा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. उरवण्यासाठी लावण्यात फायदा नाही, पुरण्यापुरतंच लावावं. आमचे यंदा मार्चअखेर १७० युनिट उरले, मला वाटतं ठीक आहे.

कबुतरांचं एक सांगायलाच हवं, कारण ते कुठल्याच कागदात नसतं. पॅनेलच्या खाली सावली, वारा लागत नाही, मांजर पोचत नाही. कबुतरांना याहून चांगलं घर कुठलं? आमच्या शेजारच्या सोसायटीत पॅनेल लागल्यावर तीन महिन्यांत घरटी झाली, मग ती काढायची वेळ आली तेव्हा अंडी होती. आम्ही पॅनेल चढवली त्याच आठवड्यात चारही कडांनी बारीक जाळी लावून घेतली, आत कोणी नाही ना हे बघून. टोकदार काटे लावायचे म्हणत होते, ते नको म्हटलं. जाळीचा खर्च सोलरवाल्याच्या दरात नसतो, तो आधीच विचारून घ्या. तसंच धुण्याचं. पंधरा दिवसांनी पहाटे, पॅनेल थंड असताना, ओल्या फडक्याच्या लांब दांड्याने पुसलं तरी चालतं. पाइप लावून धो धो धुवायची गरज नाही, आणि दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी तर अजिबात नको.

विजेत अग्निकायाचे जीव असतात की नाही, यावर आपल्यातच साधू-साध्वींची वेगवेगळी मतं आहेत, आणि एका ताईंनी मला विचारलं की गच्चीवर वीज 'तयार' करणं दोषाचं का. मी त्यांना सांगितलं की याचं उत्तर माझ्यासारखीने देऊ नये, महाराजांना विचारावं. मला फक्त १२० चे ८२ कसे झाले ते सांगता येतं.

देखभालीची पाच वर्षं सोलरवाल्याकडे आहेत, योजनेतच तसं आहे, पण ते करारात लिहून घ्या. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतात असं म्हणतात, इन्व्हर्टर मात्र तेवढा टिकत नाही, त्यासाठी आम्ही आतापासून महिन्याला दोन हजार बाजूला टाकतो. आमच्या फाईलची झेरॉक्स हवी असेल तर बुधवारी मंडळात मागा, दोन प्रती करून ठेवल्या आहेत. येताना आपल्या सामाईक मीटरचं बिल आणि पंधरा दिवसांचं वाचन घेऊन या, म्हणजे तिथेच बसून भागाकार करू.